पावसात गाडीवरचं रजिस्टर कोरडं कसं ठेवाल?

आज मी बचतीवर नाही, व्याजावरही नाही, तर पिशवीवर बोलणार आहे. गाडीवर बांधायच्या, आत पाणी न जाणाऱ्या पिशवीवर. तुम्ही म्हणाल, ताई, हा काय विषय झाला? आधी घडलेलं सांगते, मग तुम्हीच ठरवा.

तीन वर्षांपूर्वीचा श्रावण. एका गावातली गटाची बैठक उरकून मी स्कुटीवरून कनेरगाव नाक्याकडे येत होते. रजिस्टर कापडी पिशवीत, त्यावर कॅरीबॅग, आणि ती पायाजवळ हुकाला अडकवलेली. वाशीम–हिंगोली रस्त्याला लागले आणि पावसाने गाठलं. बाजूने ट्रक गेला की वरच्या पावसापेक्षा खालूनच जास्त पाणी उडायचं. घरी येऊन पाहते तर कर्जाच्या नोंदीची पानं एकमेकांना चिकटलेली आणि जेलपेनची शाई पसरलेली.

पुढच्या बैठकीत एक मावशी म्हणाल्या, "ताई, मी दोन हप्ते भरलेत." रजिस्टरवर एकही दिसेना. त्यांच्या पासबुकात नोंद करायची राहिली होती, ती चूक माझीच. बाकीच्या बायांना आठवत होतं म्हणून निभावलं. पण तेवढा वेळ मावशी मान खाली घालून बसल्या होत्या. पैसे भरूनही खोटं ठरायची वेळ त्यांच्यावर आली, ती माझ्या एका पिशवीपायी.

आता गटाच्या ताई, बँक सखी, पशुसखी, आशाताई, कितीतरी जणी रोज गाडीवर फिरतात. पिशवीत रजिस्टर, पासबुकं, अंगठ्याचं मशीन, औषधं असतात. हे सामान आपलं एकटीचं नसतं. म्हणून ते कोरडं ठेवणं हा कामाचाच भाग आहे.

पाणी आत येतं कुठून?

कापडातून कमी आणि शिवणीतून जास्त. आपल्यापैकी कितीतरी जणी शिवणकाम करतात, त्यांना लगेच कळेल. सुईचा प्रत्येक टाका म्हणजे एक भोक. उभं असताना पाऊस त्यातून लवकर शिरत नाही, पण गाडी वेगात असली की थेंब जोराने आदळतो आणि आत ढकलला जातो. दुसरी वाट चेनची. तिसरी बुडाची. पिशवीवर टोपीसारखं घालायचं रेनकव्हर मिळतं, ते खालून उघडं असतं. चाकाने उडवलेलं पाणी तिथूनच शिरतं.

दुकानात 'वॉटर रेझिस्टंट' आणि 'वॉटरप्रूफ' असे दोन शब्द ऐकू येतील. पहिल्याचा अर्थ, थोड्या सरीत टिकेल. आपल्याला दुसरी हवी. पण नुसत्या लेबलवर जाऊ नका, पिशवी उलटी करून बघा. ट्रकवरच्या ताडपत्रीसारखं, पीव्हीसीचा थर दिलेलं जाड कापड असावं. जोड शिवलेले नसून गरम करून चिकटवलेले असावेत, किंवा शिवणीवर आतून पट्टी लावलेली असावी. तोंडाला चेन नको. तोंड किमान तीन वेळा घट्ट गुंडाळून बाजूला बक्कल लावायचं, अशी पिशवी सगळ्यात भरवशाची. मात्र ती गच्च भरू नका, गुंडाळायला वर जागा लागते.

गाडीवर बांधायची कशी?

जड वस्तू खाली आणि सीटच्या जवळ ठेवा. दोन्ही बाजूंना पिशव्या असतील तर वजन सारखं ठेवा, नाहीतर चिखलात गाडी एका अंगाला ओढते. हँडलला पिशवी अडकवू नका, वळताना हँडल अडतं. सायलेन्सरला पिशवी टेकली तर कापड वितळतं.

आणि मैत्रिणींनो, पिशवी बसवायची म्हणून साडीगार्ड काढू देऊ नका. मोटारसायकलला मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारं संरक्षण हवं, असं केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये लिहिलेलं आहे. पदर, ओढणी किंवा पिशवीचा लोंबता पट्टा चाकात गेला तर जिवावर बेततं. पट्ट्याची उरलेली टोकं आत खोचा.

मागे मोठी पेटी लावायची असेल तर २०२० साली केंद्र सरकारने त्याची मापं ठरवली आहेत. लांबी ५५० मिलिमीटर, रुंदी ५१० आणि उंची ५००, यापेक्षा मोठी नको. पेटी मागच्या सीटच्या जागी ठेवली तर मागे माणूस बसवता येत नाही.

पैसे कमी असतील तर?

विकतचीच घ्या असं मी म्हणत नाही. मी सुरुवात घरच्या वस्तूंवर केली. आत घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यावर जाड प्लास्टिकची पिशवी तोंड तीनदा दुमडून, आणि बाहेरून खताची धुतलेली गोणी. बांधायला पंक्चरवाल्याकडून जुन्या ट्यूबच्या पट्ट्या. दिसायला ओबडधोबड, पण पाणी आत गेलं नाही.

पिशवी कुठलीही असो, कागद ठेवण्याआधी परीक्षा घ्या. आत वर्तमानपत्र भरा, तोंड बंद करा आणि सगळ्या बाजूंनी, खालूनही, पाच-दहा मिनिटं पाणी मारा. कागद कोरडा निघाला तर पिशवी पास.

ओला रेनकोट रजिस्टरसोबत त्याच पिशवीत कोंबू नका, पाणी आपणच आत नेतो. घरी आल्यावर पिशवी उघडून, पुसून सावलीत वाळवा. बंद ठेवली तर बुरशी येते.

तरीही भिजलंच तर?

ओली पानं ओढून सोडवू नका आणि उन्हातही टाकू नका. सुटतील त्या पानांमध्ये कोरडा कागद घाला, पंख्याखाली ठेवा आणि कागद बदलत राहा. जवळजवळ वाळलं की वर वजन ठेवा.

शेवटच्या दोन सवयी, ज्यांना एक रुपयाही लागत नाही. नोंदी जेलपेनने नाही, साध्या बॉलपेनने करा, ती शाई पाण्याने सहसा पसरत नाही. आणि बैठकीतून उठण्याआधी प्रत्येकीच्या पासबुकात नोंद करा, पानाचा मोबाईलवर फोटो घ्या. पिशवीने दगा दिला तरी हिशेब राहतो.

त्या मावशींचं कर्ज आता फिटलं आहे. बैठकीत मी पिशवी उघडली की त्या अजूनही आधी रजिस्टरला हात लावून बघतात आणि म्हणतात, "कोरडं आहे ना गं ताई?" मला त्याचा राग येत नाही. त्यांचा तो हक्कच आहे.

पाऊस येतोय मैत्रिणींनो. या आठवड्यात आपापल्या पिशवीची परीक्षा घ्या.