छाप कुणाची, आवाज कुणाचा

न्यूझीलंडची पहिली रेकॉर्ड कोणती, या प्रश्नाला इथे चटकन उत्तर मिळतं. 'टान्झा' लेबलची क्रमांक एकची तबकडी, गाणं 'ब्लू स्मोक', गायिका पिक्सी विल्यम्स. ध्वनिमुद्रण १९४८ साली वेलिंग्टनला झालं आणि तबकडी १९४९ साली दुकानांत आली. पण या 'पहिली'ला एक पुस्ती जोडावी लागते. त्याआधी १९२७ साली रोटोरुआला ॲना हाटो आणि डीन वारेटिनी यांची माओरी गाणी पार्लोफोनने टिपली होती. फक्त ती छापून आली ऑस्ट्रेलियात. १९४९चं वेगळेपण एवढंच की गाणं इथलं, वादक इथले, मुद्रण इथलं आणि रेकॉर्ड छापणारं यंत्रही इथलं. जुन्या जॅझ गायिकांच्या रेकॉर्डींचा माग काढायचा तर या शेवटच्या गोष्टीपासून सुरुवात करावी, असं माझं मत आहे. गाणं कुणाचं ते लेबल सांगतं. ते बाजारात केव्हा आलं, किती आलं आणि मध्येच का थांबलं, हे मात्र यंत्र ज्याच्या मालकीचं होतं त्याच्या हिशेबावर ठरलं.

तोवर न्यूझीलंडच्या दुकानांतला रेकॉर्डींचा माल मुख्यतः सिडनीजवळच्या होमबुशच्या कारखान्यातून यायचा. तो कारखाना ज्या मोठ्या कंपनीचा होता तिला इथल्या गायकांत पैसा दिसत नव्हता. तो दिसला एका रेडिओ बनवणाऱ्या कंपनीला. रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ न्यूझीलंड 'कोलंबस' नावाचे रेडिओ बनवत असे आणि त्यांची विक्रीची दुकानंही गावोगाव होती. तिने स्टुडिओ उभा केला, छपाईची यंत्रं बसवली आणि लेबलला नाव दिलं टान्झा. 'न्यूझीलंडच्या कलाकारांना हातभार' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरं. हेतू निव्वळ परोपकाराचा नसणार. दुकानात रेडिओ आणि ग्रामोफोन असले की त्यावर वाजवायला काही लागतंच. तरी काही वर्षांत या लेबलने जे जमवलं ते मोठ्या कंपनीने तोवर केलं नव्हतं.

'ब्लू स्मोक' रुरु कराइतियाना यांनी १९४० साली सैन्य घेऊन निघालेल्या 'अक्विटानिया' जहाजावर रचलं. पिक्सी त्यांना सापडली ती वेलिंग्टनच्या वायडब्ल्यूसीएच्या वसतिगृहात, गात असताना. मुलगी मोहाका गावची, वय विशीचं, गाण्याची तालीम म्हणावी अशी काही नाही. तबकडीच्या पन्नास हजारांवर प्रती खपल्या असं सांगतात. इतक्या छोट्या देशात हा आकडा थक्क करणारा आहे. पुढे डीन मार्टिननेही हे गाणं गायलं. आता, याला जॅझ म्हणायचं का? पंढरीची वारी करावी तशी न्यू ऑर्लिन्सची वारी करणारे लोक नाक मुरडतील. स्टील गिटारचा हवाईयन लडिवाळपणा त्यात भरपूर आहे. पण पिक्सी शब्द ज्या तऱ्हेने ठेक्याच्या किंचित मागे ठेवते ती तऱ्हा स्विंगच्या बँडांतूनच आलेली, आणि टान्झाची यादी पुढे त्याच वाटेने गेली. पिक्सी मात्र काही वर्षांतच गाणं सोडून डनेडिनला संसाराला लागली.

टान्झाच्या आणि त्या काळातल्या तबकड्या आजही हाती लागतात. आमच्या रिकार्टनला घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर दर रविवारी रोटरीचा बाजार भरतो. जुनी हत्यारं, रोपं, भाजीपाला आणि मधूनच कागदी पाकिटांत कोंबलेल्या अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकड्या. मुंबईच्या मटण स्ट्रीटवरच्या जुन्या बाजारात ज्याने हात काळे केलेत त्याला इथे परकं वाटत नाही. रेकॉर्ड उचलली की लेबल वाचायच्या आधी ती उजेडात तिरकी धरायची. खाचा संपतात आणि लेबल सुरू होतं त्या गुळगुळीत पट्ट्यात बारीक आकडे कोरलेले किंवा ठोकलेले असतात. हा मॅट्रिक्स नंबर. लेबलवरचा क्रमांक विक्रीसाठी असतो, हा कारखान्यासाठी. गाणं लॅकरच्या चकतीवर कोरलं जाई, तिच्यावर धातूचा थर चढवून उलटा साचा निघे, त्यातून सुलटा 'मदर' आणि मदरपासून छपाईचे 'स्टँपर'. स्टँपर झिजतो, म्हणून चालणाऱ्या गाण्याला पुन्हा पुन्हा नवे स्टँपर लागत. इंग्लंडच्या हेझ कारखान्यात हा स्टँपरचा आकडा गुप्त ठेवायची खुबी अशी, की 'ग्रामोफोन लिमिटेड' या नावातल्या दहा इंग्रजी अक्षरांना एक ते नऊ आणि शून्य अशी किंमत दिलेली. पहिलं अक्षर दिसलं तर पहिला स्टँपर, दुसरं दिसलं तर दुसरा. ज्याला हे ठाऊक आहे त्याच्यापुढे तबकडी स्वतःच आपली जन्मपत्रिका मांडते.

जाता जाता एक गोष्ट. या सगळ्या तबकड्या ज्या लाखेपासून बनत ती लाख जगाला मुख्यतः भारतातून जाई. युद्धाच्या काळात तिचा तुटवडा पडला तेव्हा जुन्या रेकॉर्डी परत घेऊन दळून वापरल्या गेल्या. किती गायिकांचे आवाज असे दुसऱ्याच्या गाण्यात विरघळले असतील.

आपल्याकडे यंत्राची मालकी आणखी उघड दिसते. १९०२ साली गौहरजान मुद्रणाच्या शेवटी स्वतःचं नाव घेते, कारण रेकॉर्ड छापणार जर्मनीतल्या हॅनोव्हरला आणि तिथल्या कामगाराला कुणाचं लेबल लावायचं हे कळायला हवं. १९०८ साली कलकत्त्यात सियालदहला ग्रामोफोन कंपनीचा कारखाना आला, १९२८ साली डमडमला, आणि मग अर्ध्या खंडाचं गाणं त्या एका फाटकातून बाहेर पडू लागलं. मुंबईचं 'यंग इंडिया' हे लेबल १९३५च्या सुमारास निघालं ते या फाटकाला वळसा घालून. हौशी गायक, नवखे कीर्तनकार, नाटकातली गाणी, ज्यांना मोठ्या कंपनीने दारात उभं केलं नसतं ते सगळे इथे आले. वीसेक वर्षांनी लेबल बंद पडलं. मुंबईच्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सचे सुरेश चांदवणकर यांनी ब्रिटिश लायब्ररीच्या योजनेतून या लेबलच्या रेकॉर्डींचं डिजिटल जतन केलं, म्हणून आज त्यावर बोलता तरी येतं.

मुंबईचं जॅझ मात्र यंग इंडियाच्या वाट्याला आलं नाही. ताजमहाल हॉटेलात १९३५च्या अखेरीस लिऑन ॲबीचा बँड आला, मागोमाग क्रिकेट स्मिथ. स्मिथच्या बँडने १९३६ साली मुंबईत 'रेक्स' लेबलसाठी 'ताजमहाल' हा फॉक्सट्रॉट मुद्रित केला. नरेश फर्नांडिस यांनी पुढे मुंबईच्या जॅझवरच्या आपल्या पुस्तकाला त्याचंच नाव दिलं. या काळातल्या नृत्यबँडांच्या लेबलांवर एक खोड दिसते. बँडप्रमुखाचं नाव ठळक, आणि गाणाऱ्याच्या नावाच्या जागी नुसतं 'गायनासह'. गायिकेचा माग काढणाऱ्याची इथे पंचाईत होते. कानावर भरवसा ठेवायचा की स्टुडिओच्या वहीवर? वही सापडत नाही आणि कान फसतात. हिंदी सिनेमाने तर कमालच केली. १९४९ साली, म्हणजे टान्झा नंबर एकच्याच वर्षी, 'महल'मधल्या लताबाईंच्या गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून 'कामिनी' हे चित्रपटातल्या पात्राचं नाव छापलं गेलं. ज्या चिक चॉकलेटचा ट्रंपेट सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'त ऐकून आपण डोलतो त्याचं नाव त्या लेबलांवर शोधत बसू नये.

छोट्या लेबलांची बाजू घेताना अमेरिकेतल्या एका दुकानदाराला विसरून चालणार नाही. मिल्ट गेबलरचं न्यूयॉर्कला ४२व्या रस्त्यावर कमोडोर म्युझिक शॉप होतं. बंद झालेल्या जुन्या जॅझ रेकॉर्डी त्याने पुन्हा काढायला सुरुवात केली आणि लेबलवर सगळ्या वादकांची नावं, कोण काय वाजवतो त्यासकट छापली. १९३९ साली बिली हॉलिडेचं 'स्ट्रेंज फ्रूट' काढायला कोलंबिया कंपनी कचरली, तेव्हा ते कमोडोरवर आलं. पण छोटं लेबल म्हणजे भलंच असतं असं नाही. नीना सिमोनच्या पहिल्या ॲल्बमचे हक्क बेथलेहेम या छोट्या कंपनीने तीनेक हजार डॉलरांत कायमचे घेतले. तो ॲल्बम पुढे किती विकला गेला याचा हिशेब तिला कधीच मिळाला नाही.

या सगळ्या मार्गांवरून एकच आवाज गेलेला बघायचा असेल तर मेव्हिस रिव्हर्स. जन्म १९२९, सामोआतल्या आपिया गावी. १९४७ साली कुटुंब ऑकलंडला आलं. आधी एल्ड्रेड स्टेबिंग यांच्या लेबलवर, मग टान्झावर तिने ढीगभर गाणी गायली. कधी हवाईयन, कधी निव्वळ स्विंग. मग ती अमेरिकेला गेली. १९५९ साली कॅपिटॉलने तिचा 'टेक अ नंबर' हा ॲल्बम काढला, वाद्यरचना नेल्सन रिडलची. नवोदितांच्या ग्रॅमी पारितोषिकासाठी तिला नामांकनही मिळालं, पारितोषिक बॉबी डॅरिनला गेलं. १९६१पासून ती सिनात्राने नुकत्याच काढलेल्या रिप्राइज लेबलवर दिसते. १९९२ साली लॉस एंजेलिसला वारली. अमेरिकेतल्या जाणकारांना कॅपिटॉलच्या आधीची मेव्हिस माहीत नसते, इथल्या म्हाताऱ्यांना टान्झानंतरची. आवाज एक, चाहते दोन आणि दोघांची तोंडं दोन दिशांना. माझ्या मते टान्झाच्या बाजू अधिक ताज्या आहेत. कॅपिटॉलवर रिडलची शिस्त आहे, पण गाण्यातली थट्टा कमी झालेली जाणवते.

ख्रिस बर्क यांचं 'ब्लू स्मोक' हे पुस्तक २०१० साली आलं आणि इथल्या जुन्या रेकॉर्डींच्या विखुरलेल्या यादीला प्रथमच एक दोरा मिळाला. दुसऱ्याच वर्षी पिक्सीची गाणी एकत्र करून सीडी निघाली. ती ऐकायला पिक्सी स्वतः हयात होती, २०१३ साली गेली.

प्रकाशनाचं खरं साल शोधण्याला कायद्याचीही निकड आहे. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षं टिकतो. म्हणजे १९४९ची तबकडी २०१० उजाडता मोकळी, १९५१ची दोन वर्षांनी. न्यूझीलंडमध्ये ही मुदत पन्नास वर्षांची होती. मुदत संपताच युरोपातली अनेक छोटी लेबलं जुन्या जॅझ गायिकांचे संच काढतात. स्वस्त असतात, आवाज पुष्कळदा बरा स्वच्छ केलेला असतो, आणि त्यामुळेच रिकार्टनच्या माझ्या खोलीत मेव्हिस अन् ॲना हाटो शेजारी शेजारी वाजू शकतात. मात्र वेष्टनावर मूळ लेबल कोणतं, क्रमांक काय, टेक कितवा, यातलं काही नसतं. मोबाइलवर तर पंचाहत्तर वर्षांपूर्वीच्या गाण्याखाली पुनःप्रकाशनाचं साल बिनदिक्कत छापतात, आणि पुढची पिढी तेच खरं धरून चालते. गेबलरने एका दुकानात बसून १९३०च्या दशकात वादकांची सबंध यादी त्या इवल्याशा गोल कागदावर बसवली होती. तेव्हा आज जागा पुरत नाही ही सबब मी तरी ऐकून घेणार नाही.