धाव कमी, बळी जास्त

भाताची मळणी उरकली, पेंढा उडवीला लागला, की अलिबाग-मुरूडपासून श्रीवर्धनपर्यंत एकच गडबड सुरू होते. ज्या खाचरात वाल पेरलेला नाही ते बघायचं, मधला बांध फोडायचा, पट्टी चोपण्याने चोपायची, की झालं मैदान तयार! शेतकरी बंधूंनो, तुमच्याच घरातली पोरं तिथे टेनिस चेंडूचे सामने खेळत असतात. त्यातल्या जलद गोलंदाजाकडे जरा बघा. बांधापासून जीव खाऊन धावत येतो. चेंडू हलका, म्हणून वेग काढायला खांद्याला झटका देतो. शिमग्यापर्यंत हात वर होत नाही, आणि मग लावणीच्या वेळी मूठ कोण धरणार?

आता झहीर खानचं उदाहरण घ्या. नगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूरचा, म्हणजे ऊसपट्ट्यातला हा मुलगा. मुंबईत सुधीर नाईकांच्या हाताखाली घडला, पुढे चेन्नईच्या एमआरएफ अकादमीत शिकला, २००० साली भारताकडून खेळला. अंगात वेग होता, पण दुखापती पाठ सोडीनात. २००६ साली संघाबाहेर असताना तो इंग्लंडला वूस्टरशायर कौंटीकडून खेळायला गेला. तिथे आठवड्यामागून आठवडे षटकं टाकायची, म्हणजे दम पुरवून वापरणं आलंच. त्याने धाव आखूड केली, चेंडू टाकण्याआधीची मोठी उडी कमी केली. श्वास वाचला, तोल सावरला आणि मनगट, शिवण यांवर लक्ष राहू लागलं. त्या मोसमात त्याने ७८ बळी घेतले. एसेक्सविरुद्ध तर एकाच डावात ९! पुढच्याच वर्षी ट्रेंट ब्रिज कसोटीत ९ बळी घेऊन त्याने सामना जिंकून दिला आणि भारताने इंग्लंडात २१ वर्षांनी मालिका जिंकली. कारकीर्द संपली तेव्हा नावावर ३११ कसोटी बळी होते.

वेग थोडा सोडला आणि बळी वाढले, हे आपल्या पोरांना पटवणं कठीण. गावात टाळ्या पडतात त्या वेगालाच!

अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे. त्यातला चेंडूफेक्या म्हणजे आपला गोलंदाजच. तिथल्या मुलांच्या ‘लिटल लीग’ने २००७ पासून फेकीच मोजायला घेतल्या. ११-१२ वर्षांच्या मुलाला दिवसाला ८५ फेकी, पुढे हात बंद. जास्त फेकी झाल्या तर मधे विश्रांतीचे दिवस सक्तीचे.

आपल्याकडे एकच पोरगा सकाळी एका गावाकडून आणि संध्याकाळी दुसऱ्या गावाकडून खेळतो. मोजतं कोण? सरपंच, ग्रामसेवक मंडळींनी यंदा मैदानाला परवानगी देताना मंडळाला एवढंच सांगावं, की गुणलेखकाच्या वहीत आणखी एक रकाना आखा आणि प्रत्येक पोराने दिवसभरात किती चेंडू टाकले ते त्यात लिहा. खर्च काय तो एका पेन्सिलीचा.