टेलिफोनवरची बैठक

आमच्या कचेरीची सोमवारची बैठक टेलिफोनवरच भरते. पुणे, नागपूर, इंदूर मिळून सात माणसे. तिथे नुसती मान डोलावून भागत नाही! मी आधी नाव घेतो, मग प्रश्न विचारतो. क्रम उलटला की सातहीजण गप्प, नाहीतर सातहीजण एकदम सुरू. आणि आकडे? साध्या टेलिफोनवरून आवाजाची सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढीच पट्टी जाते. ‘स’चा बराचसा सळसळाट तिच्या वरचा. मग ‘साठ’ पेट्यांच्या ‘आठ’ व्हायला कितीसा वेळ? म्हणून मी ‘सहा, शून्य’ असे फोडून सांगतो आणि पलीकडून वदवून घेतो. आमच्या हिशेबनीस बाई फार हळू बोलतात. त्यांना मात्र मी मुद्दाम सर्वांआधी विचारतो. हिशेबातली खोट बहुधा त्यांनाच ठाऊक असते.