एक्सपायरी उलटलेली सर्दीची गोळी: एका प्रश्नात तीन प्रश्न

ड्रॉवरमध्ये सर्दीच्या गोळ्यांची अर्धी स्ट्रिप सापडते. नाक चोंदलंय, मेडिकल बंद झालंय आणि मागची तारीख सात महिन्यांपूर्वीच उलटलीय. घ्यावी का? संशोधनाकडे वळणार असाल तर उत्तराआधी प्रश्न नीट फोडा. गोळीत औषध शिल्लक आहे का? ते अपाय करेल का? आणि मुळात त्याने नाक मोकळं होतं का? तिन्हींचा पुरावा वेगवेगळा असतो.

छापलेली तारीख म्हणजे औषध बिघडण्याचा दिवस नव्हे. बंद पॅकमध्ये, लेबलवर सांगितल्याप्रमाणे ठेवलं तर तोवर दर्जा टिकेल, एवढीच कंपनीची हमी. पुढचं तपासलं अमेरिकी सैन्याने. मोठे साठे फेकून देणं परवडत नव्हतं, म्हणून १९८६ मध्ये तिथल्या एफडीएच्या मदतीने चाचण्या सुरू झाल्या. २००६ च्या शोधनिबंधात १२२ औषधांचे ३,००५ लॉट आहेत. त्यातल्या ८८ टक्के लॉटची मुदत किमान एक वर्ष वाढवता आली, सरासरी ६६ महिने.

हा आकडा व्हॉट्सॲपवरही फिरतो, पण अर्धाच. ते साठे मूळ सीलबंद पॅकमध्ये, चांगल्या परिस्थितीत ठेवलेले होते आणि तरीही लॉटनुसार टिकण्याचा काळ खूप बदलत होता. तुमची स्ट्रिप मे महिन्यात गॅसशेजारच्या कपाटात होती. म्हणजे ती त्या अभ्यासाच्या समष्टीतली नाहीच. सरासरी तिला लावता येत नाही.

आणखी एक भानगड. आपल्याकडच्या बऱ्याच गोळ्यांत फिनाइलेफ्रिन, क्लोरफेनिरामाइन मॅलिएट आणि पॅरासिटामॉल एकत्र असतात. मॅलिएटमधल्या मॅलेइक आम्लाशी फिनाइलेफ्रिनची अभिक्रिया होऊन नवाच पदार्थ तयार होतो, हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. सुटं औषध किती टिकतं हे माहीत असलं, तरी मिश्रण तितकंच टिकेल असं धरता येत नाही.

अपायाचं म्हणाल, तर जुन्या गोळ्या विषारी होतात याचा पुरावा तुटपुंजा आहे. त्यासाठी फिरून फिरून जुन्या टेट्रासायक्लिनचंच उदाहरण दिलं जातं. पण नाक मोकळं करणारी ही औषधं रक्तवाहिन्या आकुंचित करतात. रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांना ताज्या गोळीचाही धोका असतोच. ‘जुनी आहे, दोन घेऊ’ हा विचार तर सरळ घातक, कारण पॅरासिटामॉलही दुप्पट होतं.

आता तिसरा प्रश्न. मला सगळ्यात मोलाचा हाच वाटतो. सप्टेंबर २०२३ मध्ये एफडीएच्या सल्लागार समितीने १६ विरुद्ध ० मतांनी सांगितलं, की तोंडावाटे घेतलेलं फिनाइलेफ्रिन नेहमीच्या मात्रेत नाक मोकळं करत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये ते तिथल्या बिनचिठ्ठीच्या औषधांच्या यादीतून काढण्याचा प्रस्ताव आला. कारण सुरक्षिततेचं नव्हतं, परिणामाचं होतं. पोटात गेलेल्या औषधाचं आतड्यात आणि यकृतात इतकं विघटन होतं, की रक्तात सक्रिय स्वरूपात अगदी थोडंच पोचतं.

मग इतकी वर्षं ते चाललं कसं? जुने प्रयोग लहान होते आणि त्यांत नाकातून जाणाऱ्या हवेला होणारा विरोध मोजला जाई. नंतरच्या मोठ्या चाचण्यांत रुग्णांना स्वतःला काय वाटतं हे विचारलं, तेव्हा गोळी आणि प्लासिबो यांत अर्थपूर्ण फरक दिसेना. काय मोजायचं हे बदललं, प्रयोग मोठे झाले आणि निष्कर्ष उलटला. तुमच्या प्रस्तावात ‘आउटकम’चा रकाना भरताना हे आठवा.

म्हणजे त्या स्ट्रिपमध्ये शंभर टक्के फिनाइलेफ्रिन शिल्लक असलं, तरी नाक चोंदलेलंच राहण्याची शक्यता मोठी. स्यूडोएफेड्रिनचं तसं नाही, ते तोंडावाटेही काम करतं. तेव्हा तारखेआधी घटकांची ओळ वाचा. तारीख उलटलेली स्ट्रिप टाकून द्या आणि सकाळी फार्मासिस्टला विचारून नवं औषध घ्या.

झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनच्या थेंबांचा हिशेब वेगळा. ते थेट नाकात जातात, म्हणून परिणाम होतो. पण खोक्यावरची तारीख न उघडलेल्या बाटलीची असते. टोक नाकाला लागलं की जंतू आत जाऊ शकतात, म्हणून उघडल्यावर किती दिवसांत संपवायची हे लेबलवर पाहा आणि उघडल्याची तारीख पेनाने बाटलीवर लिहा. लेबलवरच्या दिवसांपेक्षा जास्त वापरू नका, नाहीतर थेंबांमुळेच नाक पुन्हा चोंदायला लागतं.