गाळपाचा हिशेब

साखर कारखान्याची ओळख सांगताना आपल्याकडे दिवसाच्या गाळपाचा आकडा सांगतात. ‘पाच हजारांचा कारखाना’ म्हणजे दिवसाला ५००० टन ऊस गाळणारा. पैसा उभा केला की हा आकडा वाढतो. ऊस तसा ऐन वेळी वाढत नाही, म्हणून हंगामाची खरी आखणी शेतकी विभागाच्या नोंदवहीत वर्ष-दीड वर्ष आधीच सुरू झालेली असते.

पाच हजारांचा कारखाना १५० दिवस चालवायचा तर साडेसात लाख टन ऊस लागतो. एकरी ४० टन धरले तरी पावणेएकोणीस हजार एकर झाले. बरं, हा सगळा ऊस एकदम तोडणीला येऊनही उपयोग नाही. जुलै-ऑगस्टचा आडसाली, ऑक्टोबर-नोव्हेंबरचा पूर्वहंगामी, जानेवारी-फेब्रुवारीचा सुरू आणि जोडीला खोडवा, अशी लागण विभागलेली असेल तरच गव्हाणीला रोज सारखा ऊस मिळतो. लागणीची तारीख आणि उसाची जात पाहून तोडीची पाळी ठरते. ती चुकली किंवा कुणाच्या शब्दाखातर चुकवली गेली, की तोडीची चिठ्ठी देणाऱ्या चिटबॉयला गावात फिरणं अवघड होतं.

तोडलेला ऊस साठवून ठेवता येत नाही. शक्यतो २४ तासांत तो गाळला जावा लागतो. काट्यावर चढण्याआधी सुकला तर वजन शेतकऱ्याचं घटतं, साखरेचा उतारा कारखान्याचा. गाडीतळावर रात्र निभेल एवढ्याच गाड्या हव्यात. कमी पडल्या तर ‘नो केन’ लागतं: गिरणी थांबते, बॉयलर मात्र बगॅस खात राहतो.

या साखळीतला सर्वात नाजूक दुवा कोयता. कोयता म्हणजे बहुधा नवरा-बायकोची जोडी. दिवसाला दोनेक टन तोड धरली तर पाच हजार टनांना अडीच हजार कोयते हवेत. बीडसारख्या जिल्ह्यांतून या टोळ्या येतात. त्यांचे करार मुकादमामार्फत, उचल देऊन, हंगामाच्या कितीतरी आधी होतात. उचल घेतलेली प्रत्येक टोळी येईलच असं नसतं, हे गृहीत धरून कारखाने जादा करार करतात. कागदावर गिरणीची क्षमता लिहिलेली असते. प्रत्यक्षात कारखाना कोयत्यांच्या क्षमतेने चालतो.

२०२१-२२ च्या हंगामात हे उघडं पडलं. राज्यात १३७ लाख टनांच्या आसपास विक्रमी साखर झाली, तरी मराठवाड्यात ऊस फडात उभाच होता. गाळप जूनपर्यंत लांबलं, आणि सरकारला वाहतुकीसाठी व उताऱ्यातल्या घटीसाठी अनुदान द्यावं लागलं. २०२४-२५ मध्ये चित्र पालटलं. साखर ८० लाख टनांच्या घरात आली आणि अनेक कारखान्यांची धुराडी तीन महिन्यांच्या आतच थंडावली.

जूनपर्यंत उभा राहिलेला ऊस पाहिला की क्षमतावाढीचा मोह होतो. पण वाढवलेली गिरणी ऊसटंचाईच्या वर्षी आणखी लवकर बंद पडते. कर्जाचा हप्ता आणि कायम कामगारांचा पगार बारा महिन्यांचा असतो, तोडणी मजुराची कमाई मात्र तोडीच्या दिवसांपुरती. क्षमतावाढीचा ठराव वार्षिक सभेत आला तर सभासदांनी यंत्रांच्या किमतीआधी दोन गोष्टी विचाराव्यात: अवर्षणाच्या वर्षी किती दिवस गाळप होईल, आणि वाढीव कोयते कुठून आणणार? ही उत्तरं अहवालात छापलेली नसतील तर मंजुरीसाठी हात वर करू नये.