पॉइंट साठवायचे की वापरायचे?

विमानाचं तिकीट काढताना आपण आधी भाडं बघतो. मग आठवतं, अमुक कंपनीत आपले पॉइंट साठलेत. आणि हजार रुपये जास्त मोजून आपण तिथेच जातो. ही सवय आपल्याला लागली कशी?

अमेरिकेत १९७८ साली विमानभाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठवण्याचा कायदा झाला. स्पर्धा वाढली, गिऱ्हाईक टिकवणं अवघड झालं. १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने ‘ॲडव्हांटेज’ ही योजना काढली: जितका प्रवास कराल, तितके मैल खात्यात जमा. पुढे २०२१ मध्ये, कोरोनाच्या मंदीत, याच कंपनीने ही योजना तारण ठेवून सुमारे १० अब्ज डॉलर उभे केले. म्हणजे आपल्या निष्ठेला बाजारात किंमत आहे; पण ती कंपनीच्या हिशेबात.

आपल्या हातात काय येतं? पॉइंटचा दर कंपनी ठरवते, मुदतही तीच ठरवते. २०१२ मध्ये आपल्याकडे किंगफिशरची उड्डाणं थांबली, तेव्हा प्रवाशांनी साठवलेले मैलही वाया गेले. तेव्हा पॉइंटना बँकेतली ठेव समजू नये. मिळाले की वापरून टाकावेत. आणि पुढचं तिकीट काढताना भाडं, वेळ, सामानाचा आकार आणि तिकीट रद्द केल्यास मिळणारा परतावा, एवढं आधी बघावं. पॉइंट त्यानंतर.