गाभारा, पुजारी आणि राजसत्ता

देवास गेटहून महाकालाच्या दर्शनास निघालेल्या यात्रेकरूस मंदिरात दोन सत्ता भेटतात. पूजेचा अधिकार परंपरागत पुजारी घराण्यांचा. कारभार १९८२ च्या अधिनियमान्वये नेमलेल्या, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा.

ही विभागणी फार जुनी आहे. प्राचीन बाबिलोनियात देवसेवेचे दिवस पुरोहित घराण्यांत वाटलेले असत. त्या दिवसांचे उत्पन्न त्यांचे, आणि हा हक्क विकताही येई. नववर्षाच्या उत्सवात मुख्य पुरोहित राजाची राजचिन्हे उतरवून त्याच्या गालावर चपराक मारी व मगच ती परत करी, असे तेथील विधिग्रंथ सांगतो. नबोनिदस राजा दहा वर्षे राजधानीबाहेर राहिला आणि उत्सव बंद पडला. इ. स. पूर्व ५३९ मध्ये सायरसने बाबिलोन घेतले, तेव्हा मर्दुक देवानेच त्याला निवडले असे कोरून ठेवण्यात आले! उज्जयिनीत राजाच्या गालाला धोका नाही. परंतु महाकालाच्या नगरीत अन्य राजाने रात्र काढू नये, ही लोकश्रद्धा त्याच जातीची. आजही श्रावणात पालखी निघताना पोलीस दल मानवंदना देते.

आजचे मंदिर राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी अठराव्या शतकात उभारले. पुढे ग्वाल्हेर संस्थानात देवस्थानांच्या माफी जमिनी ‘औकाफ’ खात्याकडे आल्या. शब्द अरबी, देव हिंदू, याचे कोणास वावगे वाटले नाही. पुजाऱ्याने पूजा करावी व जमिनीवर निर्वाह करावा, अशी व्यवस्था होती. पिढ्या उलटल्या आणि जमीन आपलीच, ही भावना रुजली. सप्टेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातील अशा जमिनींविषयी स्पष्ट केले, की मालक देवता असून पुजारी केवळ व्यवस्थापक आहे. महसुली नोंदीत मालक म्हणून त्याचे नाव नको. त्याच निकालाने शासनालाही आवरले. जे मंदिर शासनाकडे निहित नाही, तेथे व्यवस्थापक म्हणून जिल्हाधिकाऱ्याचे नाव लावता येणार नाही.

पंढरपुरी बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क २०१४ मध्ये संपले. येथे पुजारी राहिले. मात्र ज्योतिर्लिंगाची झीज होऊ लागली, तेव्हा न्यायालयास गाभाऱ्यातही लक्ष घालावे लागले. सप्टेंबर २०२० च्या आदेशाने भाविकांना लिंग घासण्यास मनाई झाली आणि कोणी घासल्यास त्याची जबाबदारी उपस्थित पुजाऱ्यावर टाकण्यात आली.